अकरा लाख मतं मिळवणारा आणि ६४ मतं बाद करवणारा माणूस

फ्रान्समधे निवडणूक लागली की घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न येतो, काय गं, कोण येणार, माक्रों की ती बाई? आणि दर वेळी माझ्या मनात येतं की अहो त्या दोघांबद्दल तुम्हाला माझ्याइतकंच माहितीये, विचारायचंच असेल तर सातव्या नंबरवाल्याबद्दल विचारा ना, त्याच्यावर मी तासभर बोलू शकते. कुणी विचारत नाही. म्हणून इथे लिहितेय.

तर सातव्या नंबरवाल्याचं नाव ज्याँ लासाल. २०१७ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी ११ उमेदवार होते त्यात हा सातवा, २०२२ ला १२ होते त्यातही सातवाच. मेंढपाळाचा मुलगा, चांगला उंचापुरा, नाक असं की व्यंगचित्रकाराला वेगळं काही करायची गरजच नाही, आणि बोलणं... त्याच्या बोलण्याबद्दल सांगायचं तर मला आधी शेजारच्या आजींबद्दल सांगावं लागेल.

आम्ही तुलूजमधे राहायला आलो तेव्हा माझं फ्रेंच म्हणजे भाजी घेण्यापुरतं होतं. समोरच्या दारात एक रिटायर्ड शिक्षिका राहायच्या, मूळच्या ओलोरोंकडच्या, म्हणजे पिरेनीज डोंगरांच्या अगदी पायथ्याच्या. त्यांनी मला फ्रेंच शिकवलं, मी त्यांना चहा पाजला, असा व्यवहार. २०१७ च्या एप्रिलमधे, ४ तारखेला, टीव्हीवर सगळ्याच्या सगळ्या ११ उमेदवारांची डिबेट होती. असं फ्रान्समधे पहिल्यांदाच होत होतं, त्याआधी २० मार्चला एका मोठ्या चॅनेलने फक्त पहिल्या पाचांना बोलावलं होतं आणि बाकीचे सहा घरी बसून चिडले होते. आजी म्हणाल्या ये बघायला, भाषेचा सराव होईल. जवळजवळ चार तास चालली ती डिबेट. गोलात ११ लेक्टर्न, प्रत्येकासमोर घड्याळ, कोण किती मिनिटं बोललं ते सेकंदासकट दिसायचं. फोर्डच्या कारखान्यातला पुतू नावाचा कामगार साध्या लांब बाह्यांच्या टीशर्टमधे आलेला आणि त्याने बड्या बड्या लोकांना थेट भ्रष्टाचारावरून झोडपलं, त्याचे व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरले. लासाल मात्र बोलायला लागला आणि मला एक अक्षर कळेना. र असा घोळवतोय, वाक्य एका डोंगरावर सुरू होतंय आणि दुसऱ्याच डोंगरावर उतरतंय, मधेच काहीतरी विसरतोय. मी आजींकडे बघितलं, म्हटलं हे कुठलं फ्रेंच? तर त्या अक्षरशः डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, अगं हे आमचं फ्रेंच आहे, माझे वडील असंच बोलायचे.

त्या दिवसापासून मी ह्या माणसाच्या मागे लागले.

त्याचं गाव लुर्दिओस-इशेर. बेआर्न प्रांतात आस्प नावाचं खोरं आहे, त्याच्या बाजूच्या एका लहान खोऱ्यात हे गाव, वस्ती दीडेकशे माणसांची. दीडशे हजार नाही, दीडशे. १९५५ च्या ३ मे ला हा तिथे जन्मला, घरात पिढ्यान्पिढ्या मेंढ्या, उन्हाळ्यात कळप घेऊन वर कुरणात जायचं आणि थंडी पडायच्या आत खाली यायचं. आपल्याकडचे धनगर लोक जसे पावसाप्रमाणे खाली वर फिरतात तसंच, फक्त इथे बर्फाप्रमाणे. मेंढ्या भावाने सांभाळल्या आणि हा शेतकी टेक्निशियन झाला, आणि १९७७ मधे वयाच्या एकविसाव्या वर्षी गावाचा मेयर. आता मेयर म्हटलं की आपल्याला मुंबईचा महापौर आठवतो पण दीडशे वस्तीच्या गावाचा मेयर म्हणजे आपला सरपंच, बाकी काही नाही. लग्न लावणं, रस्त्यावर मीठ टाकणं, शाळा बंद होऊ नये म्हणून जिल्ह्याला खेपा घालणं ही कामं. तो हे ४० वर्षं करत होता, २०१७ पर्यंत, आणि तेव्हाही सोडलं ते कायदा बदलला म्हणून, खासदाराला एकाच वेळी मेयर राहता येणार नाही असा नियम लागू झाला. नाहीतर सोडला नसता.

मधल्या काळात बरीच पदं झाली, पिरेनीज नॅशनल पार्कचा अध्यक्ष १० वर्षं, जिल्हा परिषदेसारखं जे असतं तिथे तीसेक वर्षं, आणि २००२ पासून २०२२ पर्यंत सलग २० वर्षं खासदार. म्हणजे टीव्हीवाले त्याला जे 'गावाकडून आलेला भोळा मेंढपाळ' म्हणून दाखवतात ना, ते निम्मं खोटं आहे. हा माणूस पक्का मुरलेला राजकारणी आहे. फ्रान्स्वा बायरू, जो २००७ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिसरा आला होता, तोही ह्याच बेआर्नचा, आणि लासाल वर्षानुवर्षं त्याचा उजवा हात, पक्षाचा उपाध्यक्ष. भोळा वगैरे काही नाही. पण नाटकी आहे का? आहे. प्रचंड आहे. आणि मला वाटतं त्याचं नाटक आणि त्याचा प्रामाणिकपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, एकाच लोकरीच्या आहेत.

आता गाण्याची गोष्ट. २००३ चा जून. सार्कोझी तेव्हा गृहमंत्री, संसदेत उत्तर देतोय. लासालच्या मतदारसंघात उर्दोस म्हणून स्पेनच्या हद्दीजवळचं गाव आहे, तिथून सोंपोरचा बोगदा जवळ, बोगदा त्याच वर्षी सुरू झालेला आणि सरकारने ठरवलं की उर्दोसचे जाँदार्म, म्हणजे ग्रामीण पोलिस, तिथून उठवून खाली ओलोरोंला न्यायचे. ह्याने अर्ज केले, पत्रं लिहिली, कुणी ऐकेना. तर हा गडी भर सभागृहात उभा राहिला आणि गायला लागला. डोंगरांवरचं जुनं लोकगीत, त्या भागात लग्नात, रग्बीच्या मॅचला, सगळीकडे गातात ते, आणि तेही फ्रेंचमधे नाही, त्यांच्या ऑक्सिटन बोलीत. खणखणीत आवाजात. सार्कोझी थांबलाय, बाकीच्या खासदारांना कळत नाहीये हसावं की काय करावं. व्हिडिओ अजून मिळतो, बघाच. आजींचं म्हणणं असं की त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा त्यांच्या आईची भाषा टीव्हीच्या बातम्यांत ऐकू आली. शाळेत त्यांना ती बोली बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची.

गाणं म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य प्रकार. २००६ ला त्याने जे केलं ते आपल्याला अगदी ओळखीचं वाटेल, उपोषणाला बसला. आस्प खोऱ्यात आकूस नावाचं गाव, तिथे एका जपानी कंपनीचा ॲल्युमिनियमच्या भुकटीचा कारखाना, दीडेकशे लोक कामाला. कंपनीने नवीन विस्तार करायचं ठरवलं पण आकूसला नाही, ६०-६५ किलोमीटर खाली लाक नावाच्या औद्योगिक पट्ट्यात. लासालचं म्हणणं, आज विस्तार तिकडे, उद्या सगळा कारखाना तिकडे, आणि मग खोऱ्यात उरणार कोण? कंपनी म्हणाली तसं काही नाहीये. ७ मार्चला हा संसदेच्या आतच, खासदार लोक आणि पत्रकार जिथे उभे राहून गप्पा मारतात त्या चार खांबांच्या दालनात ठाण मांडून बसला आणि जेवण बंद केलं.

पहिला आठवडा लोकांनी थट्टा केली. तिसऱ्या आठवड्यात थट्टा थांबली. ३९ दिवस चाललं ते. २१ किलो वजन उतरलं, शेवटी हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि मग राष्ट्राध्यक्ष शिराक, पंतप्रधान, गृहमंत्री सगळे फोनाफोनी करायला लागले, जपानी कंपनीबरोबर कागद झाला की आकूसमधेच पैसे गुंतवू, आणि १४ एप्रिलला ह्याने उपोषण सोडलं. कारखाना खोऱ्यातच राहिला.

ह्यावर त्या वेळी पेपरांत खूप टीका झाली आणि ती काही अगदी चुकीची नव्हती. एक खासदार उपाशी बसला म्हणून परदेशी कंपनीचा निर्णय फिरवायचा, तर मग ५७७ खासदार आहेत, प्रत्येकाच्या मतदारसंघात एखादा कारखाना आहेच, सगळेच बसले तर? मला हा प्रश्न पटतो. उपोषणाचं आपल्याला इतकं कौतुक असतं की त्यात समोरच्याच्या गळ्याला हात घातलेला असतो हे आपण विसरतो. पण मग मी आजींना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, तू आकूसला गेली आहेस का? नाही ना? मग चल.

गेलो आम्ही. २०१८ चा मे महिना, त्यांची जुनी रेनो, मी आणि नवरा मागे पुढे. तुलूजहून पो, पो हून ओलोरों, आणि ओलोरोंच्या पुढे डोंगर एकदम अंगावर येतात. खोरं इतकं अरुंद की नदी, रस्ता आणि जुना रेल्वेमार्ग एकमेकांना खेटून चाललेत. रेल्वे १९७० मधे बंद पडली, एक पूल कोसळला मालगाडीखाली आणि पलीकडे स्पेनपर्यंतची गाडी परत कधी सुरूच झाली नाही. वरच्या भागात गंजलेले रूळ, त्यावर झुडपं. म्हणजे लासाल १४ वर्षांचा असताना त्याने खोऱ्यातली ट्रेन बंद झालेली पाहिली, पुढे शाळा, पोस्ट, पोलिस, एकेक करून. त्या रस्त्यावरून जाताना मला ते गाणं आणि उपोषण जरा वेगळं दिसायला लागलं हे कबूल करते.

लुर्दिओसला जायला सारांसवरून इशेरची खिंड ओलांडावी लागते, रस्ता एका गाडीचा, वळणावर हॉर्न देत जायचं, आपल्या वरंध घाटाची आठवण आली पण गर्दी शून्य. गाव म्हणजे चर्च, दगडी घरं, पाटीच्या दगडाची उतरती छपरं, आणि गावच्याच जगण्यावर बनवलेलं एक छोटं म्युझियम. एका कुंपणावर पिवळी पाटी, 'कळपाचा कुत्रा कामावर आहे, लांबून जा', आणि तो कामावरचा कुत्रा, पांढराशुभ्र, वासराएवढा, मेंढ्यांच्यामधे मेंढीसारखाच पडलेला. आम्ही थांबलो तसा उठून उभा राहिला. भुंकला नाही. नुसता उभा राहिला. नवरा म्हणाला चला परत गाडीत. एका घरी मेंढीच्या दुधाचं चीज घेतलं, अर्धं चाक, बाई चाकूने कापताना म्हणाली हे मागच्या उन्हाळ्यातलं, वरच्या कुरणातलं. वास घेतला तर लोकर, धूर आणि थोडंसं खव्यासारखं काहीतरी. काळ्या चेरीच्या जॅमबरोबर खायचं असतं. लासालचा विषय आम्ही काढला नाही, काढायची गरजच नव्हती, तिने आमच्या गाडीचा तुलूजचा नंबर बघून आपणहून विचारलं, ज्याँचं घर बघायला आलात का?

अस्वलांचा मुद्दा मात्र राहिलाच, आणि तो सोडून चालणार नाही कारण तिथे माझं आणि त्याचं अजिबात जमत नाही. पिरेनीजमधली मूळची अस्वलं जवळजवळ संपली होती. कानेल ही त्या मूळच्या वंशातली शेवटची मादी, तिला २००४ च्या १ नोव्हेंबरला ह्याच आस्प खोऱ्यात एका शिकाऱ्याने गोळी घातली. सगळ्या देशात हळहळ झाली. आज ती पेंढा भरून आमच्या तुलूजच्या म्युझियममधे उभी आहे, माझ्या मुलीचा ती आवडता प्राणी आहे, आम्ही प्रत्येक वेळी जाऊन तिला बाय करतो. सरकारने मग स्लोव्हेनियातून अस्वलं आणून सोडली, २०१८ च्या शरदात बेआर्नमधे दोन माद्या हेलिकॉप्टरने आणल्या कारण मेंढपाळ लोक रस्ते अडवून बसले होते. लासाल कायम ह्याच्या विरोधात. त्याचं म्हणणं पॅरिसमधले लोक टीव्हीवर अस्वल बघून खूश होतात आणि रात्री मेंढी मेली तर उठून बघायला आम्ही जातो. मला मुद्दा कळतो पण मग अस्वलाने जायचं कुठे? ह्यावरून आजींशी माझं एकदा कडाक्याचं भांडण झालं, दोन दिवस चहा बंद होता.

असो. चालण्याबद्दल सांगते. २०१३ च्या एप्रिलमधे हा संसदेच्या दारातून पायी निघाला आणि डिसेंबरपर्यंत देशभर चालत राहिला, पाच हजार किलोमीटर. खासदार असताना. आपल्याकडे पदयात्रेत मागे गाड्यांचा ताफा, पुढे बँड, तिथे बहुतेक वेळा एकटा माणूस पाठीवर पिशवी घेऊन, रस्त्यात भेटेल त्याच्याशी बोलत, कुणाच्या घरी झोपत. पॅरिसच्या पेपरवाल्यांनी पहिल्या दिवशी फोटो काढला आणि नंतर विसरून गेले. परत आला तेव्हा सांगायला लागला की लोक भयंकर चिडलेले आहेत, ही मंडळी आता कुणावरच विश्वास ठेवत नाहीत. कुणी फार मनावर घेतलं नाही. पाच वर्षांनी, २०१८ च्या नोव्हेंबरात, पेट्रोल-डिझेलच्या करावरून चिडलेल्या पिवळ्या जॅकेटवाल्यांनी देशभरातले चौक अडवले. तेव्हा लासाल संसदेत पिवळं जॅकेट घालूनच बसला, अध्यक्षांनी काढायला सांगितलं, ह्याने काढलं नाही, कामकाज थांबवावं लागलं आणि ह्याच्या पगारातून पैसे कापले गेले. नाटक? हो. पण हा त्या लोकांना पाच वर्षं आधी प्रत्यक्ष भेटून आला होता.

आता इथल्या निवडणुकीची एक गंमत सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस उमेदवार कसा झाला ते कळणार नाही. आपल्याकडे अपक्ष उभं राहायचं तर डिपॉझिट भरा, पडलात तर जप्त. फ्रान्समधे राष्ट्राध्यक्षपदाला पैसे भरायचे नाहीत, सह्या आणायच्या. ५०० सह्या, आणि त्या निवडून आलेल्या लोकांच्याच पाहिजेत, म्हणजे मेयर, खासदार, प्रांतिक सदस्य वगैरे, असे साधारण ४२ हजार लोक देशात आहेत. पुन्हा किमान ३० जिल्ह्यांमधून, आणि एका जिल्ह्यातून १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. आणि आता कुणी कुणाला सही दिली ते जाहीर होतं, त्यामुळे छोट्या गावचे मेयर घाबरतात, उद्या गावात लोक विचारतील हा बाबा कुठल्या उमेदवाराला सही देऊन बसला. मोठमोठ्या नावाच्या लोकांची दमछाक होते ह्या ५०० सह्यांसाठी. लासालला २०१७ ला ७०८ मिळाल्या, २०२२ ला ६४२. कारण सोपं आहे. देशात जवळजवळ ३५ हजार गावं, बहुतेक अगदी लहान, आणि त्यांचे मेयर ह्याला आपल्यातला समजतात, हा त्यांच्या दारावरून पायी गेलेला आहे.

सह्या झाल्या की मग मात्र सगळे सारखे. हा भाग मला जाम आवडतो. प्रचाराच्या शेवटच्या दोन आठवड्यांत टीव्ही रेडिओवर प्रत्येकाला सारखा वेळ, मिनिटामिनिटाचा हिशोब. शाळेबाहेर पत्र्याचे बोर्ड, प्रत्येकाला एक, सारख्या मापाचा. आणि प्रत्येक मतदाराच्या घरी सरकारतर्फे एक जाड पाकीट येतं. २०२२ ला आजींनी ते माझ्यासमोर टेबलावर उघडलं, १२ जणांची पत्रकं आणि १२ जणांच्या नावाच्या पांढऱ्या चिठ्ठ्या. इथे बहुतेक ठिकाणी मशीन नाही, बटण नाही, ज्याला मत द्यायचं त्याची चिठ्ठी पाकिटात घालून पेटीत टाकायची. पेटी पारदर्शक असते, पाकीट पडलं की माणूस मोठ्याने म्हणतो, मत दिलं! आजींनी पत्ते पिसावे तशा चिठ्ठ्या पिसल्या, लासालचं पत्रक बाजूला काढलं. पोस्टरवर लिहिलेलं, अस्सल फ्रान्स. म्हणाल्या, हा आणि अस्सल! अर्धं आयुष्य पॅरिसमधे गेलं ह्याचं. पण ते पत्रक फ्रीजवर लावलं.

मी त्यांना विचारलं कुणाला देणार. हे विचारायचं नसतं इथे. त्या म्हणाल्या, साखर घे.

त्या वर्षीचा निकाल माहितीये? ११ लाख १ हजार ३८७ मतं, ३.१३ टक्के. २०१७ ला होती ४ लाख ३५ हजार, १.२१ टक्के. म्हणजे अडीच पट. आणि पॅरिसच्या तेव्हाच्या मेयर इदाल्गो, दोन मोठ्या पक्षांपैकी एकाच्या अधिकृत उमेदवार, त्यांना १.७५ टक्के. पॅरिसच्या मेयरला दीडशे वस्तीच्या गावच्या माजी मेयरने मागे टाकलं, हे वाक्य मी त्या आठवड्यात किमान दहा लोकांना ऐकवलं असेल. पिरेनीजमधे, मधल्या डोंगराळ भागात, कोर्सिका बेटावर त्याला भरपूर मतं मिळाली. आमच्या इथल्या शाळेत मतमोजणी बघायला आजींबरोबर गेले होते, ती कुणालाही बघता येते, मतदारच टेबलाभोवती बसून मोजतात, एक जण पाकीट उघडणार, एक जण नाव वाचणार, दोघं रेघा मारणार. नाव वाचणारा मुलगा कॉलेजातला, एकसुरी आवाजात माक्रों, मेलांशों, मेलांशों, ल पेन, मेलांशों करत चाललेला, आणि मधेच 'लासाल' आलं की टेबलावरचे सगळे हलकंसं हसायचे. वाईट नाही, घरातल्या विचित्र काकांचं नाव निघाल्यावर हसतात तसं.

पण विचित्र काकांचं कौतुक किती करायचं हाही प्रश्न आहेच. २०१७ च्या जानेवारीत हे काका दोन खासदारांबरोबर सीरियाला गेले आणि तिथल्या तेव्हाच्या हुकूमशहाला, बशर अल असदला, भेटून आले, अलेप्पो शहर त्याच्या फौजेच्या हाती पडून महिनाही झाला नव्हता. ते मला अजून पचलेलं नाही. पुढे कोविडची लस घेतल्यावर हृदयाचा त्रास झाला, ऑपरेशनं झाली, ती लसीमुळेच असं सांगायला लागला, आणि मग राष्ट्राध्यक्षांनी आणि बऱ्याच खासदारांनी म्हणे लस घेतलेलीच नाही असंही बोलून गेला, पुरावा काही नाही. आजारी माणसाचा राग समजू शकतो. पण ज्याच्या शब्दावर डोंगरातली माणसं विश्वास ठेवतात त्याने असं बोलायचं नसतं. आजी स्वतः चार डोस घेतलेल्या, त्यांनी फ्रीजवरचं पत्रक त्या दिवशी काढून टाकलं.

आणि आता ती ६४ मतं.

२०२२ ची दुसरी फेरी, २४ एप्रिल, माक्रों विरुद्ध ल पेन. लासाल आपल्या गावी मतदानाला आला. म्हणजे ज्या केंद्रावर त्याने मेयर म्हणून ४० वर्षं निवडणुका घेतल्या, पेटीला कुलूप लावलं, 'मत दिलं' म्हणून ओरडला, त्याच केंद्रावर. सोबत कॅमेरे. आत गेला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की मी मत देणार नाही, सगळं शूट झालं, व्हिडिओ नेटवर गेला. कोरं मत टाकायचं तर पडद्यामागे जाऊन टाकता येतं, घरी बसायचं तर बसता येतं, कुणी अडवत नाही. पण मतदान केंद्राच्या आत असली घोषणा करायची नाही हा नियम आहे, आणि हा नियम त्या खोलीत सगळ्यांत चांगला कुणाला माहीत असेल तर त्यालाच.

तीन दिवसांनी घटना परिषदेने अंतिम निकाल जाहीर केला त्यात एक ओळ होती, लुर्दिओस-इशेर गावातली सगळी मतं रद्द. ६४.

देशाच्या निकालात ह्याने कणभर फरक पडत नाही, माक्रों लाखोंनी पुढे होता. पण मला ते ६४ लोक डोळ्यासमोरून जाईनात. त्यात ती चीजवाली बाई असणार. सकाळी धारा काढून, हात धुऊन, रविवारचे कपडे घालून ते त्या एका खोलीत आले असतील, पाकिटात चिठ्ठी घातली असेल, आणि पॅरिसने त्यांना मोजलंच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर हेच ओरडून सांगितलं की पॅरिस आम्हाला मोजत नाही, त्याच्यामुळे.

आजींना मी बातमी वाचून दाखवली. मला वाटलं हसतील. त्या खुर्चीत बसून राहिल्या, आणि मग त्यांच्या त्या बोलीत काहीतरी म्हणाल्या जे मला कळलं नाही, मी विचारलं तर म्हणाल्या, हे शिकवण्यासारखं नाहीये.

त्यानंतर त्याने खासदारकीलाही उभं राहायचं नाही ठरवलं. मला वाटलं संपलं. तर २०२४ च्या जूनमधे युरोपच्या निवडणुकीत ३८ याद्या होत्या, शाळेच्या कुंपणावर बोर्डांची रांग पार कोपऱ्यापर्यंत, आणि मुलीला सोडायला गेले तर तिने बोट दाखवलं, आई, अस्वलवाले आजोबा! शिकारी आणि शेतकरी मंडळींची एक ग्रामीण आघाडी होती, तिचा पहिला उमेदवार हाच. २.३५ टक्के पडली, सीट नाही. मी फोटो काढून आजींना पाठवला, त्या आता ओलोरोंला बहिणीकडे राहतात. दहा मिनिटांनी उत्तर आलं: 'बारीक झालाय. खातोय ना नीट?'